ओळखीचं जंगल: मॉरिशसच्या डोंगरावरचा पेरू आणि राखीव जंगलाची एक केस

सकाळी साडेसहाला मॉरिशसच्या नॅशनल पार्कच्या पेत्रँच्या गेटपाशी गाडीतून उतरलो तर पहिला आवाज कुणाचा, तर शिपाई बुलबुलचा. तोच तो तुर्रेवाला, गालावर लाल ठिपका, आमच्या दापोलीच्या घरामागे जास्वंदीवर बसून डोकं खातो तोच. गाडीच्या बॉनेटवर दोन साळुंक्या येऊन भांडायला लागल्या, आणि जरा पुढे चालत गेलो तर एक मुंगूस रस्ता ओलांडून झुडपात शिरलं. मी तिथेच राहणाऱ्या काकांना म्हटलं, काका, एवढे पैसे खर्च करून विमानानं आलो आणि हे तर आमचंच कोकण निघालं की. काका हसले, म्हणाले, आवडलं ना? म्हटलं, म्हणजे काय, एकदम घरच्यासारखं वाटतंय.

घरच्यासारखं वाटणं हाच त्या जंगलाचा प्रॉब्लेम आहे हे दुपारपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं. त्यावरच ही केस लिहितोय. आमच्या ग्रुपमध्ये देवराई, राखीव जंगल, कुंपण घालायचं का नाही अशी चर्चा सारखी चालू असते, आणि सगळ्यांचा सूर एकच, एकदा हद्द ठरली, कायदा लागला, कुऱ्हाड थांबली की झालं, बाकी निसर्ग बघून घेईल. मॉरिशसमध्ये हद्द आहे, कायदा आहे, कुऱ्हाड थांबलेली आहे. पुढे काय झालं ते बघा.

आधी जागा समजून घ्या. मॉरिशस बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. ज्वालामुखीतून वर आलेलं. मधोमध पठार, आणि नैर्ऋत्येला डोंगर आणि खोल दऱ्या. आग्नेयेकडून वारे येतात, पठारावर चढतात आणि पाऊस टाकतात, त्यामुळे वर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर १,००० सुद्धा धड नाही. म्हणजे सगळं बेट पाण्यासाठी या वरच्या भागाकडे तोंड करून बसलेलं. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क याच भागात आहे, ६,५७४ हेक्टर, जून १९९४ मध्ये जाहीर झालं, देशातलं पहिलं नॅशनल पार्क. सगळ्यात उंच शिखर, ८२८ मीटरचं, तेही इथेच. पेत्रँकडे येताना रस्त्यालगत मार ओ व्हाक्वा नावाचा मोठा तलाव लागतो, १८८५ साली बांधलेला, देशातला सगळ्यात मोठा जलाशय, वरच्या शहरांना पाणी इथून.

आता हे व्हाक्वा म्हणजे काय माहितीये? केवडा! आपला केवडा नाही अगदी, पण त्याच कुळातली झाडं, पँडानस. तलावाचं नाव सरळ मराठीत करायचं तर केवड्याचं तळं. शेजारच्या अख्ख्या शहराचं नावसुद्धा व्हाक्वा. काका तिथेच राहतात. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून बोटीनं ऊस तोडायला आले, चार-पाच पिढ्या झाल्या. काकांचं मराठी तुटक आहे, क्रिओल (तिकडची बोली) फर्डं आहे, पण गणपतीत झाकरी म्हणायला पहिले उभे राहतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी, नाव जरा घासलं गेलंय एवढंच.

तर पाणी. हे जंगल आधी पाण्यासाठी राखलं, पक्ष्यांसाठी नाही, हे नीट लक्षात घ्या कारण पुढचा घोळ त्यातूनच होतो.

डच लोक १५९८ ला आले, १६३८ पासून वस्ती केली, एबनी म्हणजे काळं लाकूड तोडून नेलं, १६३९ ला जावा बेटावरून हरणं आणून सोडली, डोडो संपवला (खाऊन कमी, आणलेल्या डुकरा-माकडा-उंदरांनी जास्त) आणि १७१० ला कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी जहाजं बांधायला आणि शेतीला झाडं पाडली. १७६७ ला पिएर प्वाव्र नावाचा माणूस कारभारी म्हणून आला. प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरी, आणि गंमत म्हणजे हा माणूस खरंच मसाल्यांच्या मागे होता, डच लोकांच्या नाकाखालून जायफळ आणि लवंगेची रोपं पळवून आणणारा हाच. तर या मिरीसाहेबांचं ठाम मत होतं की जंगल गेलं की पाऊस जातो आणि पाऊस गेला की वसाहत जाते. १७६९ मध्ये त्यांच्या काळात कायदा झाला, त्यात प्रत्येक जमीनमालकानं चौथा हिस्सा जमीन जंगलाखाली ठेवायची, विशेष करून डोंगरउतारावर, आणि नदीनाल्यांच्या काठची झाडं राखायची. १७६९! आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते.

जंगल आणि पाणी यांची ही सांगड त्या काळच्या वसाहतींमधून फिरत फिरत हिंदुस्थानातही आली. १८४७ ला मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक मिळाला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन, जो त्याआधी पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग सांभाळायचा. तोही हेच म्हणत होता की घाटावरची झाडं तोडाल तर खाली झरे आटतील. म्हणजे आपण आज 'वॉटरशेड' (पाणलोट) म्हणून जे काही मीटिंगमध्ये बोलतो त्याची एक मुळी या बेटापर्यंत जाते.

कायदा होता म्हणून तोड थांबली असं मात्र अजिबात नाही. १८१० ला इंग्रज आले, ऊस वाढला, १८३४ पासून आपले लोक बोटी भरभरून यायला लागले, १८६० च्या दशकात मलेरियाची साथ आली तेव्हा शहरातले पैसेवाले थंड पठारावर राहायला चढले, रेल्वे आली, तिला लाकूड लागलं. जे उरलं ते मुख्यतः ऊस लावता येणार नाही अशा उतारावर उरलं. आणि इतक्यात संपलं असं नको समजू, १९७० च्या दशकातसुद्धा जागतिक बँकेच्या पैशातून वरच्या पठारावरचा मोठा देशी (म्हणजे मूळ तिथल्याच झाडांचा) पट्टा साफ करून पाइन लावला. आज चांगलं देशी जंगल बेटाच्या दोनेक टक्क्यांवर आलंय आणि त्यातलं बरंचसं या पार्कात आहे.

म्हणजे निदान पार्काच्या हद्दीत तरी वाचलं ना? मी हेच विचारलं. सोबत काकांच्या ओळखीचा एक जण होता, तो तिथे जंगलाचंच काम करतो, त्याच्यामुळे नेहमीच्या ट्रेलच्या जरा आत जाता आलं. तो म्हणाला, चल दाखवतो.

पेरूच्या आत

पार्कातल्या माकाबे नावाच्या भागाच्या बाजूचा कच्चा रस्ता आहे, लाल माती, दोन्हीकडे हिरवंगार, गाडीतून बघणारा म्हणेल वा काय जंगल आहे. तो रस्ता सोडून त्यानं मला पाच पावलं आत नेलं. पाचच. सहावं टाकता येईना. बांबूच्या काठ्या रोवाव्यात तशी सरळसोट खोडं, मनगटाएवढी, काही अंगठ्याएवढी, गुळगुळीत, तांबूस साल सुटलेली, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. मी आडवा होऊन शिरायचा प्रयत्न केला तर सॅक अडकली. वर बघितलं तर पानं चकचकीत, खाली बघितलं तर जमिनीवर दुसरं काहीच नाही, नुसती तपकिरी पानं आणि सुकलेले लाल पेरू, आणि पेरूचीच बोटभर रोपं, मुठीमुठीनं. त्या खोडांच्या मधोमध एक जाड, जुनं, शेवाळ चढलेलं झाड उभं होतं. तो म्हणाला हे नात, देशी, असेल दोन-तीनशे वर्षांचं. मी म्हटलं याचं पिल्लू कुठाय? तो म्हणाला, तेच शोध.

मी खरंच दहा मिनिटं शोधलं. एक नाही.

हा चायनीज पेरू, तिकडे गोयाव द शीन म्हणतात, चीनचा काही संबंध नाही, मूळचा ब्राझीलचा. बोराएवढं लाल फळ, आंबटगोड, वास असा की रस्त्यानं जातानाच तोंडाला पाणी सुटतं. फ्रेंचांच्या काळात कधीतरी आला. त्याला सावलीत उगवता येतं, मुळातून फुटवे येतात, तोडला तर दुप्पट येतो, आणि फळ सगळ्यांना आवडतं, डुक्कर खातं, माकड खातं, बुलबुल खातो, माणूस खातो, आणि प्रत्येक जण बिया पुढे नेतो. देशी झाडांचं उलटं, वाढ हळू, फळ कमी, आणि त्यांच्या बिया नेणारी जी जनावरं होती, महाकाय कासवं, डोडो, ती गेली. उरलंय मुख्यतः एक मोठं वटवाघूळ. माकडं तर देशी फळ कच्चंच तोडून फेकतात.

पेरू एकटा नाही. प्रिव्हेट नावाचं श्रीलंकेकडचं एक झुडूप आहे, त्याची बारीक काळी फळं पसरवायचं काम आपला शिपाई बुलबुल करतो. हा बुलबुल १८९२ ला बेटावर आला. साळुंकी त्याच्याही आधी, १७६२ ला, टोळ खाण्यासाठी मुद्दाम आणलेली. मुंगूस १९०० साली भारतातून, उंदीर मारायला म्हणून, मग त्यानं पक्षीही मारले. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यातून सुटलेला. आणि कळस म्हणजे माधवीलता! संस्कृत काव्यात आंब्याला मिठी मारून बसलेली असते ती, आपल्याकडे लोक हौसेनं नर्सरीतून आणून मांडवावर चढवतात ती. तिकडे तिला लियान सेर्फ म्हणतात आणि जगातल्या सगळ्यात वाईट शंभर आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. खालच्या दऱ्यांमध्ये झाडांच्या झाडं तिच्याखाली गाडली गेलेली बघितली. ते दृश्य बघून मला त्या काव्यातल्या आंब्याची पहिल्यांदाच दया आली.

म्हणून म्हटलं, सकाळी मला जे ओळखीचं वाटलं ते सगळं आपल्याकडून गेलेलं होतं. मूळ तिथलं म्हणून जे काही होतं ते मला दिसलंच नव्हतं, कारण ते ओळखायचं कसं हेच मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काकांनाही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी जंगल म्हणजे पेरू. लहानपणी मे-जूनच्या थंडीत (तिकडे तेव्हा हिवाळा) सगळं कुटुंब बादल्या घेऊन वर यायचं, पेरू काढायचे, मीठ-मिरची आणि चिंच लावून खायचे, उरलेल्याचा जॅम. आजही रस्त्याकडेला पिशव्या विकायला असतात. काका म्हणाले, हे झाड वाईट आहे असं मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नाही.

सांगणारे होते खरं तर. रेजिनाल्ड व्हॉन आणि ऑक्टाव्ह व्हिहे या दोघा वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात माकाबेच्या जंगलात चौकोन आखून झाडं मोजली, १९३७ पासून ते छापून आलं. परक्या झाडांची घुसखोरी त्यांनी तेव्हाच नोंदवली. नंतर अनेक दशकांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा देशी झाडं बरीच घटलेली निघाली. मधल्या काळात त्या जागी कुणी कुऱ्हाड लावलेली नव्हती. युनेस्कोचा बायोस्फिअर रिझर्व्हचा शिक्कासुद्धा या भागाला १९७७ ला मिळाला. शिक्का बघून पेरू काही थांबला नाही.

पाण्याला काय फरक पडतो

आमच्या ग्रुपमधला पाणीवाला मित्र इथे आडवा येणार हे मला माहितीये. तो म्हणेल, पेरू तर पेरू, मुळं आहेत, सावली आहे, माती धरून ठेवतो, पाऊस झिरपतो, तुला पाणीच पाहिजे ना? आणि हा प्रश्न फालतू नाही. प्वाव्रच्या कायद्यापासून सगळ्या नियमांत 'जंगल' म्हणजे झाडं असलेली जमीन, कुठली झाडं ते कुणी लिहिलंच नाही. विमानातून फोटो काढला तर देशी रान आणि पेरूचं रान दोन्ही हिरवंच दिसतं.

माझं मत, उतार बोडका असण्यापेक्षा पेरू बरा, हे मान्य. पण हवाईमध्ये हाच पेरू घुसलाय आणि तिथे मोजमाप झालंय, त्यात पेरूनं भरलेलं रान देशी रानापेक्षा जास्त पाणी हवेत उडवतं असं दिसलं. मॉरिशसला तितकंच होत असेल असा माझा दावा नाही. दुसरं, एकाच जातीचं, एकाच उंचीचं रान आणि दर काही वर्षांनी येणारं चक्रीवादळ हे गणित मला धोक्याचं वाटतं. जुनी देशी झाडं वादळात फांद्या टाकून उभी राहतात, पण एखादं पडलं की त्या खिडकीत पेरूच उगवतो, देशी काही येत नाही, मग पुढच्या वादळात अजून एक खिडकी. म्हणजे आज जे पाणी राखतंय ते म्हाताऱ्यांचं जंगल आहे, त्याला वारस नाहीत.

आणि जाता जाता, नळाचं निम्म्याच्या आसपास पाणी तिकडे गळतीत जातं, हे काकांनीच वैतागून सांगितलं, पेपरातही सारखं येतं. तेव्हा डोंगरावर कितीही राखा, खाली पाइप फुटका असेल तर... असो, आपल्याकडे वेगळं काय आहे.

कुंपण आणि उपटणं

आता उपाय. १९८० च्या दशकात पार्क व्हायच्या आधीच तिथल्या वनखात्यानं आणि निसर्गवाल्या लोकांनी छोटे छोटे तुकडे निवडायला सुरुवात केली, माकाबे, ब्रीझ फेर वगैरे. तुकड्याभोवती कुंपण, म्हणजे हरीण आणि डुक्कर आत येऊ नये, आणि आतला सगळा पेरू, प्रिव्हेट हातानं काढायचा. नुसता तोडून नाही चालत, मुळासकट उपटायचा, मोठा असेल तर बुंध्याला औषध. मग दोन-चार महिन्यांनी परत. मग परत. मातीत बिया पडलेल्या असतात, बाहेरून बुलबुल आणत असतो, माकडाला कुंपण म्हणजे जिना. पहिल्या वेळेला जो खर्च येतो तो बघून कुणालाही घाम फुटेल. आणि पाळी चुकवली की दोन वर्षांत मागच्या सगळ्यावर पाणी.

सोबतच्या त्या जंगलवाल्यानं मला ब्रीझ फेरच्या एका जुन्या तुकड्यात नेलं. कुंपणाचं दार, आत पाऊल, आणि अक्षरशः उजेड बदलला. बाहेर काठ्यांची भिंत, आत चालता येत होतं. खाली रोपं होती, वेगवेगळ्या पानांची, गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी. त्यानं वाकून एकेक नाव सांगितलं, मी लिहून घेत होतो आणि निम्मी चुकीची लिहिली. एक एबनीचं रोप दाखवलं, माझ्या वितीपेक्षा थोडं मोठं. मी म्हटलं हे या वर्षीचं का? तो हसला. एबनी अशी वाढत नाही म्हणे, याला कित्येक वर्षं झाली. मी हात मागे घेतला, उगाच धक्का नको लागायला.

या तुकड्यांवर तिथल्या संशोधकांनी बराच अभ्यास केलाय. तण काढल्यावर मोठ्या देशी झाडांना फळं जास्त लागली, रोपं वाढली, आणि ज्या काही जाती संपल्या किंवा संपतच आल्या असं धरलं होतं त्या परत दिसल्या. मला यातलं फळांचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याचं कारण वटवाघूळ. ते वटवाघूळ फक्त त्या भागातल्या बेटांवरच सापडतं. लिची-आंब्याच्या बागा खातं म्हणून सरकारनं २०१५ आणि २०१६ ला ती हजारोंनी मारली, खूप वाद झाला. आता बघा, जंगलात फळ नाही कारण पेरूनं देशी झाडांचा जीव काढलाय, म्हणून वटवाघूळ बागेत, म्हणून बंदूक, म्हणून बिया पसरवणारा शेवटचा गडी कमी, म्हणून जंगलात रोप अजून कमी. बागवाल्याचं नुकसान खरंच होतं, त्याला नावं ठेवणार नाही मी. पण बंदुकीऐवजी तो पैसा तण उपटायला लावला असता तर, असं मनात आलंच.

पक्ष्यांची गोष्ट तुम्ही वाचली असेल, सगळीकडे तीच सांगतात, म्हणून पटकन. मॉरिशसचा ससाणा १९७४ ला जंगलात चार उरले होते, गुलाबी कबूतर १९९० च्या आसपास दहाएक, एको पोपट (आपल्या पोपटाचा चुलतभाऊ) तसाच दहा-बारावर आलेला. पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या कार्ल जोन्स आणि मंडळींनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, घरटी टांगून तिघांनाही परत आणलं, आता तिघंही शेकड्यांत आहेत. ग्रेट काम, शंकाच नाही. पण आमच्या सोबतच्या जंगलवाल्यानं मला जंगलात एक धान्याचा डबा दाखवला. कबुतरांसाठी. पोपटांनाही खाऊ ठेवावा लागतो, ढोल्या असलेली म्हातारी झाडं कमी म्हणून लाकडी पेट्या लावतात. पक्षी वाढले, त्यांना पोसणारं जंगल नाही वाढलं.

आणि हो, 'परकं ते वाईट' असं सरळ गणितही नाही हां. गुलाबी कबुतरं अगदी शेवटाला आली तेव्हा ज्या राईत घरटी करत होती ती राई जपानी सुरूसारख्या झाडांची होती, क्रिप्टोमेरिया, माणसानं लावलेली. तिथे घरटं जरा सुरक्षित राहत होतं. शेजारच्या इल ओ एग्रेत बेटावर २००० पासून आल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवं आणून सोडलीयेत, मूळची संपलीयेत, त्यांचं काम ही करतील म्हणून, आणि ती एबनीची फळं खाऊन बिया पसरवतात. परदेशीच, पण कामाची.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र केवड्याची. पेत्रँच्या पाणथळ माळावर केवड्याची जाळी आहेत, आणि तिथे ट्रोकेशिया नावाचं एक झुडूप आहे, लाल घंटेसारखी फुलं. त्याचं परागीभवन कोण करतं? पाल! हिरवी-निळी, बोटाएवढी, दिवसा फिरणारी. ही पाल ससाण्याला घाबरून केवड्याच्या काटेरी पानांत लपते. अभ्यास केला तर निघालं की केवड्याच्या जवळ असलेल्या झुडपांना फळं जास्त धरतात, लांबच्यांना कमी, कारण पाल लपायची जागा सोडून लांब जात नाही. म्हणजे उद्या कुणी म्हणालं ट्रोकेशिया वाचवा, आणि ट्रोकेशियाची शंभर रोपं रांगेत लावली, फोटो काढले, तर उपयोग शून्य. शेजारी केवडा पाहिजे. मी अर्धा तास त्या जाळीसमोर उकिडवा बसलो होतो. एक पाल आली, फुलाच्या कडेवर चढली, डोकं आत घातलं, बाहेर काढलं तेव्हा नाकाला पिवळं लागलेलं. मला बघितलं आणि सुर्रकन केवड्यात.

मग अडलंय कुठे

पैसा आणि माणसं, हे आहेच. ६,५७४ हेक्टरपैकी तण काढून राखलेला भाग थोडा आहे, वाढतोय, पण पेरूच्या वेगानं नाही. हवाईत ब्राझीलहून या पेरूवरचा एक खास किडा आणून सोडला, फळं आणि वाढ कमी करायला, तिथेही पेरू आवडणाऱ्यांनी विरोध केला होता. मॉरिशसमध्ये असं काही करायचं तर लोकांच्या जॅमच्या बाटलीतच हात घालावा लागेल. सोपं नाहीये. काका शांत माणूस, पण किड्याचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला.

मला वाटतं खरी अडचण अशी की 'राखीव' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पहारेकरी येतो, माळी येत नाही. पार्कचं बजेट मागताना रस्ता, गेट, माहितीफलक, गार्ड हे सगळं समजावता येतं. चाळीस माणसं वर्षानुवर्षं रोज वाकून पेरूची रोपं उपटणार आहेत आणि कधीच थांबणार नाहीत, हे फाइलवर कसं लिहिणार? त्या जंगलवाल्यानं सांगितलं, मोठे पाहुणे आले की त्यांना झाड लावायला आवडतं. उपटायला कुणी येत नाही.

परत येताना काकांनी गाडी थांबवून पेरूची एक पिशवी घेतलीच. वर मिरची-मिठाची पुडी. मी म्हटलं काका, एवढं सगळं ऐकून? ते म्हणाले, अरे मी खातो म्हणजे कमीच करतो ना? मी म्हटलं बिया? ते खिडकीतून थुंकायच्या बेतात होते. थांबले. मग डॅशबोर्डवरचं पार्किंगचं तिकीट घेतलं, त्याचा द्रोण केला आणि व्हाक्वापर्यंत सगळ्या बिया त्यात गोळा केल्या, माझ्याही घेतल्या. घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या हे काय, तर म्हणाले, कचऱ्यात टाक, बागेत नको. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी गुपचूप पाय धुवायला गेलो.